बकुळाबाई आणि बागची लाल चादर

बकुळाबाईंशी माझी ओळख झाली ती भांडणातून. आणि भांडण तरी कशावरून, तर चादरीवरून!

मी वासंती. छत्तीस वर्षं देवासच्या शाळेत गणित शिकवलं. मी वर्गात पाऊल टाकलं की मुलं पाढे म्हणायला लागायची, विचारायच्या आधीच. घरातही फार वेगळं नाही. आमच्या ह्यांचं नाव उमाशंकर, पण तिसरा डोळा कायम माझ्याकडेच, असं ते स्वतःच पाहुण्यांना सांगतात. अशा बाईला प्रसूतिगृहातल्या एका आयाबाईनं दारातच अडवावं आणि म्हणावं, "काकू, ही चादर इथं नाही चालायची," म्हणजे काय हो! माझं डोकंच फिरलं.

पण थांबा. पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही मास्तरीण अर्धा फळा पुसून दुसरंच गणित मांडायला लागली.

अंकिता माझी एकुलती एक. ती आणि तिचा नवरा धीरज, दोघंही इंदूरला नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी हा आमच्याकडचा रिवाज, त्यात सवाल-जवाब नाही. पोरीनं थोडी खटपट करून बघितली. "आई, इंदूरला सगळं आहे ना, फिर देवासच क्यों?" तिचं मराठी हे असं, अर्ध्या वाटेत गाडी बदलतं. मी म्हटलं, "क्योंकि तुझी आई देवासला आहे." विषय संपला.

डॉक्टर अल्पनांचं प्रसूतिगृह आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. बारा खाटांचं, साधंच, पण स्वच्छ. वरच्या खोल्यांतून टेकडी दिसते. सातव्या महिन्यापासून माझी पिशवी भरायला सुरुवात झाली. टोपडी, लंगोट, बाळंतविडा, ओव्याची पुरचुंडी, सगळं. आणि सगळ्यात खाली दोन खास गोष्टी.

एक, माझ्या आईच्या हातची गोधडी. तिच्या दोन जुन्या लुगड्यांची, मऊ आणि जाड. अंकिता झाली तेव्हा मी ह्याच गोधडीवर निजले होते. दुसरी, बागची चादर. बाग म्हणजे बगीचा नव्हे हो, धार जिल्ह्यातलं गाव. तिथली ठशांची छपाई लोक लांबून येऊन घेऊन जातात. माझा धाकटा भाऊ अजेय धारला असतो, त्यानं मुद्दाम तिथं जाऊन आणली होती. लालभडक, त्यावर काळी वेलबुट्टी. मी घरी एकदा धुऊन, इस्त्री करून ठेवली. धुतली होती हे लक्षात ठेवा, पुढे परीक्षेत येणार आहे.

आता चादर लालच का, तर आमच्या घरात सवाष्णीच्या अंगाखाली पांढरं अंथरत नाहीत. आमचे पूर्वज पवार राजांबरोबर दक्षिणेतून इकडे आले, देवासच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, दप्तरात कारकून होते. राज्य गेलं, दप्तर गेलं, पण घरातले कायदे जागच्या जागी. पांढरं म्हणजे अशुभ. त्यात बाळंतीण! मी आजवर कधी विचारलंसुद्धा नाही की का म्हणून. गणितात सिद्धता मागणारी बाई मी, घरात मात्र सगळं गृहीत धरलेलं.

तर भरती व्हायला गेलो आणि बकुळाबाईंनी पिशवीत हात घातला. किरकोळ बाई. वय पंचावन्नच्या पुढे, केस आवळून बांधलेले, फिकट निळी साडी. हात मात्र अंगापेक्षा मोठे, पंजे रुंद, सांधे सुजलेले. गोधडी उचलून त्यांनी तळहातावर जरा तोलली, भाजीवाला कोबी तोलतो तशी, आणि परत ठेवली.

"काकू, हे दोन्ही नंतर. बाळ झाल्यावर पहिले चोवीस तास इथली पांढरी चादर."

"पांढरं आमच्यात चालत नाही."

"पांढऱ्यावर दिसतं, काकू."

"काय दिसतं?"

"जे दिसायला पाहिजे ते."

मला वाटलं, उद्धट आहे बाई. मी तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर अल्पना हसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, ह्या बाबतीत बकुळाबाई माझंही ऐकत नाहीत." झालं! म्हणजे मालकीणच फितूर. अंकिताचं पोट बाळंत झाल्यावर लगेच घट्ट बांधायचं मी म्हणत होते, त्यालाही त्यांनी नाही म्हटलं. मी मनातून धुमसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला अंकिता मोकळी झाली. मुलगी. अहो, काय सांगू! सहा पौंडांचा तो जीव हातात आला आणि माझी सगळी मास्तरकी वितळली. मी रडले, हसले, धीरजला मिठी मारली आणि चिऊ, चिऊ म्हणत त्या लेकराशी बोलत बसले. तेच नाव घरात चिकटलं. उमाशंकर पेढे घेऊन आले. सगळ्यांना दिले, सिस्टरना, झाडूवाल्या बाईंना, शेजारच्या खोलीतल्यांना. बकुळाबाईंनी पेढा घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि अंकिताच्या पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. चिऊकडे बघितलंसुद्धा नाही!

मी म्हटलं, "अहो बाई, बाळ तरी बघा आमचं."

"आधी ताई," त्या म्हणाल्या.

मला राग आला. एवढी गोड पोर, आणि ही बाई मान वळवायला तयार नाही. काही माणसं मुळातच कोरडी असतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पावणेअकराला अंकिताला वरच्या चार नंबरच्या खोलीत आणलं. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी यायच्या. नाडी बघायच्या, पोट चाचपायच्या, कपडा बघायच्या. साडेअकराला म्हणाल्या, "सब ठीक है मावशी, आराम करू द्या." बकुळाबाई जेवायला खाली गेल्या. धीरजही घरी आंघोळीला गेला. खोलीत मी, अंकिता आणि चिऊ.

आणि त्या पांढऱ्या चादरीवर निजलेली माझी पोर मला बघवेना. चेहरा ओढलेला, आणि अंगाखाली ते पांढरं. माझ्या मनात नको नको ते आलं. मी उठले, दार लोटलं, पिशवी उघडली. "अंकू, जरा कुशीवर हो गं." तिनं कुरकुर केली, पण झाली. पांढरी काढून घडी घालून कपाटात ठेवली. खाली आईची गोधडी, वर बागची लाल चादर. पाच मिनिटांचं काम. वरून शाल पांघरली, म्हणजे त्या बाईला दिसायला नको. शाळेत कॉपी लपवणारी पोरं मी तीस पावलांवरून ओळखायचे. आता तीच कला माझ्या अंगात आली होती.

पावणेबाराला सिस्टर आल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच डोळा लागलाय. दहा मिनिटांनी या." त्या जरा घुटमळल्या, पण माझा आवाज शाळेतला, त्यापुढे भले भले मागे फिरतात. पाठोपाठ बकुळाबाई आल्या, त्यांनाही तेच. त्यांनी दारातून अंकिताच्या चेहऱ्याकडे बघितलं. "दहाच मिनिटं, काकू," म्हणाल्या आणि गेल्या.

ती दहा मिनिटं मला आजही पाठ आहेत.

अंकिता म्हणाली, "आई, पाणी दे ना." दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. मग म्हणाली, "गार वाटतंय." मी शाल खांद्यापर्यंत ओढली. तिनं जांभई दिली, मग आणखी एक. मला वाटलं, रात्रभर कळा सोसल्यात, झोप येणारच. "झोप हो, राजा," म्हटलं आणि चिऊकडे वळले. तेवढ्यात धारहून अजेयचा व्हिडिओ कॉल आला. भाची बघायची होती त्याला, म्हणजे भाचीची लेक. मी एका हातात फोन धरून चिऊचं नाक दाखव, कपाळ दाखव, असं चाललं होतं. दुसऱ्या हातानं सहज चादरीची वळलेली कड सरळ केली.

बोटं लाल झाली.

मी अजेयला म्हटलं, "अरे, तुझ्या बागवाल्यानं तुला चांगलंच फसवलंन की! चादर रंग सोडतेय बघ, माझे हात लाल झाले."

तो पलीकडून हसला. "ताई, नवीन आहे, दोन-तीन पाण्यांत बसेल रंग."

मी बोटं पदराला पुसली. पुसली हो! आणि पुन्हा चिऊचं जावळ दाखवायला लागले.

"काकू." दारात बकुळाबाई उभ्या होत्या. आवाज अगदी हळू. "ती चादर घरी धुतली होती का?"

पकडली गेले म्हणून मी फणकारले. "म्हणजे काय? कोरं कापड बाळंतिणीला घालीन का मी?"

"तेव्हा पाणी लाल झालं होतं?"

मला ते धुणं आठवलं. पाणी लाल झालं नव्हतं. स्वच्छ निघालं होतं, अगदी नितळ. मी ह्यांना बोलावून दाखवलंसुद्धा होतं, की बघा, बागचा रंग किती पक्का.

बकुळाबाई तोवर खाटेपाशी पोचल्या होत्या. त्यांनी शाल बाजूला केली, अंकिताच्या कमरेखाली हात सरकवला आणि बाहेर काढला. मनगटापर्यंत लाल. लाल चादरीवर लाल मला दिसलं नव्हतं. गोधडीनं सगळं आत शोषून घेतलं होतं, खाली एक थेंब पडला नव्हता. दुसऱ्या हातानं त्यांनी गोधडीचं टोक उचललं, क्षणभर तोललं आणि घंटीचं बटण दाबून धरलं.

"सिस्टर, मॅडमना बोलवा. चार नंबर. रक्त जातंय, पोट मऊ आहे."

ओरडल्या नाहीत. दूध आलंय, पातेलं आणा म्हणावं, त्या आवाजात सांगितलं. उशी काढून फेकली. एक हात अंकिताच्या बेंबीशी ठेवून गोल गोल, जोर देऊन चोळायला लागल्या. बाळ बाहेर आल्यावर गर्भाची पिशवी आवळून नारळासारखी टणक व्हायला हवी, म्हणजे आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ती सैल पडली की नळ उघडा राहतो. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढंच दिसत होतं की माझ्या पोरीचे ओठ त्या कपाटातल्या चादरीसारखे पांढरे झालेत.

"काकू, बाळ पाळण्यात ठेवा. ताईच्या डोक्याशी या. बोलत राहा तिच्याशी. काहीही विचारा, पण उत्तर घ्या."

मी काय विचारणार? मेलं दुसरं काही सुचेना. "अंकू, सतराचा पाढा म्हण."

तिनं डोळे किलकिले केले. "आई, प्लीज यार."

"म्हण म्हणते ना!"

"सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस..." आवाज खोल विहिरीतून यावा तसा. मी तिचा गार हात धरून ठेवला.

डॉक्टर अल्पना दोन मिनिटांच्या आत आल्या, ओठांना वरण लागलेलं, जेवणावरून उठलेल्या. मग खोलीत जे झालं ते इतक्या शांतपणे झालं की मला वाटलं, ह्या बायका रोज सकाळी ह्याचीच कवायत करतात की काय. करतातच, असं नंतर कळलं, दर सोमवारी. एका सिस्टरनं डाव्या हातात सुई घातली, दुसरीनं उजव्या. सलाईन, इंजेक्शन, पुन्हा इंजेक्शन. लघवीची नळी घातली. डॉक्टरांनी आत हात घालून रक्ताच्या गाठी काढल्या, वारेचा काही तुकडा राहिलाय का, कुठं फाटलंय का, ते बघितलं. बकुळाबाईंचा हात पोटावरून हलला नाही.

"किती गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाराशे मिलीच्या खाली नाही, मॅडम. गोधडी कोरडी दोन किलोची होती, भरतीच्या दिवशी बघितली होती."

मी गणिताची शिक्षिका, पण त्या घडीला दोनातून एक वजा करता आला नसता. आणि ही बाई त्या दिवशी पिशवीत हात घालून गोधडी तोलत होती ती ह्यासाठी!

डॉक्टरांनी वळून सिस्टरला सांगितलं, "थांबायचं नाही. रक्तपेढीला फोन करा, दोन पिशव्या. आणि बलून तयार ठेवा." तराजूची पाळी नंतर आली. कोपऱ्यात एक काटा टांगलेला होता, त्याला गोधडी आणि चादर अडकवली. पण निर्णय झाला होता बकुळाबाईंच्या हातावर. वजन करून मगच बोलायचं म्हटलं असतं तर आणखी पाच-सात मिनिटं गेली असती, आणि अंकिताकडे ती फारशी नव्हती.

पाढा सतरा नव्वे एकशे त्रेसष्टवर आला, म्हणजे चुकला. एरवी मी छडी उगारली असती. त्या दिवशी चुकीचं उत्तर ऐकूनही मला देव भेटल्यासारखं वाटलं.

मला बाहेर बसवलं. उमाशंकर आणि धीरज रक्त घेऊन आले. आमचे हे तर स्कूटरवर रक्ताच्या पिशव्यांचा बर्फाचा डबा मांडीशी धरून मागे बसले होते, ज्यांना एरवी रिक्षातही चक्कर येते. मी बाकावर बसून होते. मी घाबरले होते, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. शत्रूनं केलं असतं तर शत्रूला शिव्या दिल्या असत्या. इथं मीच माझ्या हातानं माझ्या लेकीचं रक्त तिच्याच अंगाखाली झाकून ठेवलं होतं, वर शाल घातली होती, आणि बोटाला लागलं ते पदराला पुसलं होतं. मी ह्यांना तिथंच सगळं सांगून टाकलं. माझ्या पदराचं ते लाल टोक त्यांनी आपल्या मुठीत घेतलं आणि तसेच बसून राहिले.

अडीच वाजता डॉक्टर बाहेर आल्या. गर्भाच्या पिशवीत फुगा भरून ठेवला होता, त्यानं आतून दाब बसला. रक्त थांबलं होतं. "ठीक आहे मावशी. बोलतेय, भूक लागली म्हणतेय," म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, "माझे नका धरू. मी आले तेव्हा निम्मं काम झालं होतं."

तिसऱ्या दिवशी दुपारी अंकिता चिऊला पाजत होती. मी मागच्या अंगणात गेले. हौदापाशी बकुळाबाई माझी चादर धूत होत्या. गोधडी आधीच तारेवर होती. माझी हिंमत होत नव्हती, पण गेले.

"बकुळाबाई, मला चार शिव्या द्या."

"शिव्यांनी चादर निघते का, काकू? बसा तिथं दगडावर."

मी बसले. त्या चादर बुचकळत, पिळत बोलत राहिल्या, आणि तेव्हा मला त्यांची सगळी हकिगत कळली. माहेर धारचं. घराणं परटांचं, राजवाड्याचे कपडे धुणारं, पवारांबरोबर दक्षिणेतून आलेलं. म्हणजे आम्ही दोघी एकाच लवाजम्यातून आलो म्हणायचं, आमच्याकडे दप्तर, त्यांच्याकडे धुणं. त्यांच्या घरात वजनावर सगळा व्यवहार. कोरडं कापड किती, ओलं किती, पिळलेलं किती, हे पोरींना पाचव्या वर्षापासून हातावर शिकवायचे.

"माझी वहिनी होती, रुक्मिणी. मानाजीदादाची बायको. मी तेव्हा एकोणीसची. घरीच बाळंत झाली, मुलगा झाला. बस्स, सगळं घर मुलाभोवती. गूळ वाटा, थाळी वाजवा. मी पण तिथंच, काकू. वहिनी आतल्या खोलीत गोधडीवर. मला हाक मारली तिनं, म्हणाली, बकुळा, गार वाटतंय. मी काय केलं? दुसरी गोधडी आणून वर घातली. आणि पळाले परत बाळ बघायला."

त्यांनी बादली उपडी केली, नवीन पाणी भरलं.

"संध्याकाळच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, गोधडी धुऊन आण. मला उचलेना, काकू. दोघी लागलो उचलायला. कोरडी दोन किलोची गोधडी. वरून बघितलं तर एवढासा डाग. तेव्हा कळलं, कापड सगळं पितं, आणि गप्प बसतं."

"आणि मुलगा?"

"आहे की, अर्पित. सोनकच्छला मंडीत हम्माली करतो, दोन पोरं आहेत त्याला. राखीला येतो. छान आहे पोरगा." त्यांनी चादर पिळली. "पण मी त्या दिवशी बाळ आधी बघितलं, ते आजवर डोळ्यापुढून जात नाही. म्हणून आधी आई. रडलं तर बाळ सांगतं तरी. आई नाही सांगत."

लग्न होऊन त्या देवासला आल्या. नवऱ्याची इस्त्रीची गाडी होती, ते गेल्यावर घरोघरचं धुणं धरलं. त्यातच ह्या प्रसूतिगृहाचं धुणं मिळालं. एके दिवशी मळक्या कपड्यांची मोटली घेऊन निघता निघता डॉक्टरांना म्हणाल्या, "मॅडम, सात नंबरचे कपडे आज जड आलेत." डॉक्टर धावत वर गेल्या. ती बाई वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मोटली दुसऱ्या कुणाला दिली आणि बकुळाबाईंना वर वॉर्डात बोलावलं. काटा त्यानंतर टांगला. एक ग्राम वाढलं म्हणजे एक मिली गेलं, एवढा हिशोब सगळ्यांना शिकवला. "पण काट्यापर्यंत न्यायला उचलावं तर लागतंच ना," बकुळाबाई म्हणाल्या आणि हसल्या. एकोणीस वर्षं झाली त्याला.

त्यांनी बादलीतलं तिसरं पाणी मला दाखवलं. नितळ होतं. चादर उन्हात तशीच लालभडक, काळी वेलबुट्टी जागच्या जागी.

"गोधडी वाळली, काकू. मघाशी तोलली काट्यावर. एक किलो नऊशे साठ. चाळीस ग्राम चुकले मी."

मला रडू आवरेना. "मी तुम्हाला दारातून परत पाठवलं."

"मी गेले ना पण परत," त्या म्हणाल्या. "माझीही चूकच. आता कुणी आलं ना तुमच्यासारखं, तर नाही जायची. भांडेन."

चिऊचं बारसं बाराव्या दिवशी घरीच केलं. चाळीस-पन्नास माणसं. अजेय धारहून आला, धीरजकडची मंडळी इंदूरहून. मी अंकिताला बसायला पाळण्याशेजारी खाट मांडली आणि तिच्यावर पांढरी चादर घातली. पांढरीशुभ्र, नवी, बाजारातून मुद्दाम आणलेली. माझी नणंद कुजबुजली, "वहिनी, सवाष्णीला पांढरं?" मी म्हटलं, "पांढऱ्यावर दिसतं." तिला काही कळलं नाही. मी तिसरा डोळा उघडला, तिनं पुढे विचारलं नाही.

पाळण्याच्या वरखालून बाळ घ्यायला-द्यायला दोन बायका लागतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बकुळाबाई, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यावरही एक-दोन भुवया वर गेल्या, कारण बाई विधवा. जाऊ द्या गेल्या तर, आपोआप खाली येतात.

त्या आल्या त्या कडक इस्त्रीच्या साडीत. पाळण्याभोवती ही गर्दी! जो तो वाकून चिऊला बघतोय, फोटो काढतोय, नाक कुणाचं, रंग कुणाचा, चाललंय. मीही त्यातच होते, खोटं कशाला बोलू. अंकिता खाटेवर एकटी, भिंतीला टेकून बसलेली.

बकुळाबाई पाळण्याकडे वळल्याच नाहीत. गर्दीच्या मागून सरळ खाटेशी गेल्या. "ताई, कशी आहेस?" म्हणाल्या आणि बोलता बोलता, कुणाला कळणारही नाही असा, तिच्या अंगाखाली हात सरकवला. बाहेर काढला. उजेडाकडे धरून बघितला. मग मान वर करून मला शोधलं आणि त्या एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून तो रुंद पंजा उंच धरून मला दाखवला.

कोरडा होता.

मी छत्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, पन्नास माणसांसमोर हमसून हमसून रडले.

"हं," बकुळाबाई पदर खोचत पाळण्याशी येऊन उभ्या राहिल्या. "आता द्या. बघू दे तुमची चिऊ."